नुसता फ्लॅश

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीकडच्या लग्नपत्रिकेत मुहूर्त असतो अकरा वाजून बावीस मिनिटांचा. ती बावीस मिनिटं कुठून आली ते भटजींना ठाऊक. पाळत मात्र त्यांना कुणीच नाही. अकराला वरात अजून मारुतीच्या देवळापाशी असते, साडेबाराला नवरदेवाचे मित्र डीजेच्या गाडीपुढे रस्त्यावर लोळून नागीण करत असतात, आणि दीडच्या सुमारास केव्हातरी आंतरपाट धरला जातो. तरी मंगलाष्टकं लगेच सुरू होत नाहीत. फोटोवाला नवरदेवाच्या बाजूने बघतो, नवरीच्या बाजूने बघतो, आंतरपाट धरणाऱ्या दोघांना 'थोडा खाली घ्या जी' म्हणतो, आणि मग मान हलवतो. भटजींचे डोळे पोथीत असतात असं आपल्याला वाटतं. पण शेवटच्या 'सावधान'च्या आधी ते एक चोरटी नजर कॅमेऱ्याकडे टाकतात. तिकडून होकार आला की मगच लग्न लागतं.

लग्नघरात त्या दिवशी प्रत्येकाला एकेक काळजी वाटून दिलेली असते. नवरीच्या बापाकडे बुंदी पुरेल का ही, मामाकडे नवरीला वेळेवर मांडवात आणायची, धाकट्या काकाकडे पाण्याच्या टँकरची, आणि मोठ्या जावयाकडे रुसायची. यानंतर काय आणि त्यानंतर काय, हे अथपासून इतिपर्यंत पाठ असलेला माणूस मांडवात एकच. घरच्यांचं हे लग्न पहिलं किंवा दुसरं असतं, फोटोवाल्याचं या आठवड्यातलं चौथं. त्यामुळे सगळे त्याचं ऐकतात. 'नवरदेव, मान वर. नवरीबाई, हासा थोडं. मामाजी, जराक बाजूले व्हा. ए पोट्टेहो, सरका तिथून.' ज्या सासऱ्यापुढे सबंध गावात कुणाची बोलायची टाप नाही, तो सासरा निमूटपणे अर्धा फूट डावीकडे सरकतो. ऐनवेळी उगवलेल्या पुढाऱ्यालाही फोटोवाला 'साहेब, गॉगल काढा जी' असं सांगतो, आणि साहेब गॉगल काढतात. विरोधकांना पाच वर्षांत जे जमलेलं नसतं.

पण त्याची खरी कसोटी हुकूम सोडण्यात नाही. नवरीची मान जरा वळवायची असेल तर तो स्वतः बोट लावत नाही, करवलीला सांगतो. नवरदेवाच्या बाशिंगाची झालर तोंडावर आली तर ती बाजूला करायला नवरदेवाच्या बहिणीला बोलावतो. त्यात बहिणीचाही एक फोटो निघतो आणि तिचा मानही राहतो. आंदणाचा फोटो तो न विसरता काढतो. आलमारी, दिवाण, कूलर, भांड्यांची उतरंड, आणि त्या सगळ्याच्या शेजारी हात बांधून उभा असलेला नवरीचा भाऊ. शहरातले लोक या फोटोला हसतात. ज्याने कापसाचा पैसा हातात आल्यावर आधी तो कूलर घेतला आणि मग सोसायटीचं कर्ज आठवलं, त्याला त्या फोटोत हसण्यासारखं काही दिसत नाही.

उजेडाचं म्हणाल तर वर्धा जिल्ह्यातला मे महिना फोटोसाठी निर्माण झालेलाच नाही. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, ऊन थेट डोक्यावर. फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली अशी पडते की नवरदेवाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. म्हणून भर दुपारी, लख्ख उन्हात, फोटोवाला फ्लॅश मारतो. त्याला सावली भरून काढायची असते. म्हातारी माणसं मात्र 'दिवसाढवळ्या लाइट कायले लावते हा?' म्हणून वीजबिलाच्या काळजीत पडतात. मांडवात यावं तर तिथे वेगळीच गंमत. पूर्वी मांडव जांभळाच्या डहाळ्यांनी झाकत, खाली हिरवट गार उजेड असे. आता वर लाल-पिवळं कापड ताणलेलं असतं, आणि त्यातून गाळून आलेल्या उन्हात अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ झालेली दिसते. ती उतरवायला फोटोवाल्याला रात्र रात्र संगणकापुढे बसावं लागतं. एवढं करून नवरीची मावशी म्हणतेच, 'माह्या लुगड्याचा रंग असा नव्हता.'

रोलच्या काळात हे काम आणखी कठीण होतं. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. हात चांगला असेल तर एखाददुसरा जास्त निघे. लग्नाला मंडळी सातशे, आणि बापाने बोली केलेली तीन रोलची. म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं मिळून शंभरेक फोटो. काढलेला फोटो कसा आला ते लगेच दिसायची सोय नाही. आष्टीला रेल्वे नाही. शकुंतला नावाची आगगाडी यायची तीही आर्वीपर्यंत, पुलगावहून, रमतगमत. तेव्हा रोल एसटीने नागपूरला किंवा अमरावतीला रंगीत लॅबमध्ये जायचे, आणि अल्बम येईस्तोवर नवरी पहिल्या माहेरपणाला येऊन गेलेली असायची. अशा हिशेबात बसवायचं काय? विधी सोडता येत नाहीत, दोन्हीकडची घरची माणसं सोडता येत नाहीत. आणि स्टेजच्या पायऱ्यांपाशी तर आहेराची पाकिटं घेऊन गावच्या गाव रांगेत उभं असतं.

तिथे फोटोवाल्यांनी एक युक्ती काढली. पाहुणे वर आले, नवरा-नवरीच्या दोन बाजूंना उभे राहिले, त्यांनी श्वास रोखला, डोळे मोठे केले, की कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि नुसता फ्लॅश मारायचा. कॅमेऱ्याचं बटण दाबायचंच नाही. फ्लॅशच्या पाठीवर एक बारकं बटण असतं, ते दाबलं की लखलखाट होतो आणि रोल जागच्या जागी राहतो. पाहुणे समाधानाने खाली उतरायचे, पुढचे वर यायचे. गावोगावच्या फोटोवाल्यांना ही विद्या येत होती, आणि लग्नघरच्या कर्त्या माणसालाही ती ठाऊक असायची. कित्येकदा तोच कानात सांगायचा, 'यायले नुसता मारजो.'

याला कुणी फसवणूक म्हणेल. मला तो या धंद्यातला सर्वांत समजूतदार शोध वाटतो. किन्हाळ्याहून किंवा साहूरहून उन्हातान्हात आलेल्या लांबच्या पाहुण्याला तो फोटो पुढे बघायला मिळणारच नव्हता. अल्बम राहायचा नवरीच्या सासरी, दिवाणाखालच्या पेटीत. त्याला हवं होतं ते एवढंच, की आपण स्टेजवर चढलो, आपल्यासाठी घटकाभर सगळे थांबले, फोटोवाल्याने आपल्यालाही 'इकडे पाहा जी' म्हटलं आणि आपल्या अंगावरही तो उजेड पडला. तो उजेड खराच असायचा. खालच्या खुर्च्यांवर बसलेल्या चारशे लोकांनी तो पाहिलेला असायचा. खोटा होता तो फक्त कागद, आणि तो कुणी मागायलाही येत नसे.

मग व्हिडिओ आला. आधी आला त्याचा दिवा. तो हजार वॅटचा हॅलोजन आणि त्याची लांब वायर सांभाळायला एक पोरगा असे. लग्नाच्या व्हिडिओत सर्वांत जास्त घाम त्याचाच गळायचा, आणि दिसायचा मात्र तो कधीच नाही. दिवा तोंडावर आला की जेवणारे घास हातात धरून थांबायचे. पंगतच्या पंगत मठ्ठ्याचा पेला ओठांशी धरून मूर्तीसारखी बसलेली, असा तीन तासांच्या कॅसेटमधला निदान अर्धा तास असायचा. पुढे 'मिक्सिंग' होऊन नवरा-नवरी गुलाबाच्या फुलातून उगवायचे, बदामाच्या आकारात गिरक्या घ्यायचे आणि अधूनमधून स्वित्झर्लंडच्या बर्फात जाऊन यायचे. नवरदेवाने तोवर पाहिलेलं सर्वांत थंड ठिकाण म्हणजे चिखलदरा.

हे सगळं आता जुनं झालं. आता फोटोवाला एकटा येत नाही, पॅकेज येतं. त्यात ट्रॅडिशनल फोटो वेगळा, ट्रॅडिशनल व्हिडिओ वेगळा, कँडिड वेगळा, सिनेमॅटिक वेगळा, आणि वरून ड्रोन. लग्नाआधीचं शूटिंग संत्र्याच्या बागेत नाहीतर अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याकाठी होतं. ज्या बागेला पाणी देता देता नवरदेवाचं अर्धं आयुष्य गेलं, त्याच बागेत तो पांढरे बूट घालून फुलं हुंगत चालतो, आणि बांधावरून त्याचा बाप ओरडतो, 'आंब्या बहार झाडू नको रे!' ड्रोनचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आत असलं तर परवान्याची कटकट कमी असते, म्हणून बहुतेकांकडे लहानच असतो. पण त्याचा आवाज असा, की मंगलाष्टकांतलं कडवं कोणतं चाललं आहे ते वरमायीलाही कळू नये. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी इथून फार लांब नाही. लग्नातल्या उधळपट्टीवर त्यांनी ग्रामगीतेत चांगलं सुनावलेलं आहे. आमच्याकडे ती ग्रामगीता लग्नात नवदांपत्याला भेट देतात, आणि ती देताना थांबून फोटो काढतात, खालून दोन कॅमेरे आणि वरून ड्रोन.

या पॅकेजमधला कँडिडवाला हा माणूस मी फार कौतुकाने बघत असतो. तो नागपूरहून किंवा अमरावतीहून आलेला असतो, काळा टीशर्ट घालतो, आणि कुणाशीही बोलत नाही. खांबाआडून, खुर्च्यांच्या मागून, कूलरच्या बाजूने तो डोकावतो. कुणाला 'इकडे पाहा' म्हणायचं नाही हा त्याचा बाणा. माणसं आपल्या नादात असली की त्यांचं खरं रूप दिसतं, असं तो मानतो. ते खरंही आहे. नवरीच्या बापाने पाठवणीच्या आधी मांडवामागे जाऊन उपरण्याने डोळे पुसले, तो फोटो त्यानेच काढलेला असतो, आणि तो पाहिला की घर गलबलतं. पण काकाजी दात कोरत होते तेही त्यांचं खरं रूपच. आमच्या नात्यातल्या एका लग्नात अल्बम आल्यावर आत्याबाई घरात कुणाशी बोलेनात. सातशे फोटोंत त्यांचा फोटो एकच, आणि तोही आख्खा गुलाबजाम तोंडात असतानाचा. 'लग्नात मी काय फक्त खातच होती का?' या प्रश्नाला कलेच्या कोणत्याही सिद्धांतात उत्तर नाही.

माणसाला उभं न करता त्याचे फोटो काढायचे, ही रीत मुंबईहून आली असं आमच्या पोरांना वाटतं. ती याच जिल्ह्यात, वर्ध्याजवळ, कधीच होऊन गेली आहे. गांधीजी १९३६ साली तेव्हाच्या शेगावात राहायला आले; तेच पुढे सेवाग्राम झालं. तिथे त्यांचे पुतणे नारणदास गांधी यांचा मुलगा कनू आश्रमाच्या कामाला होता. १९३८च्या सुमारास, विशीतल्या या पोराला फोटो काढायची हौस लागली. विनोबांच्या भावाने, शिवाजीरावांनी, त्याला ती सुचवली होती. बापूंनी पैसे द्यायला साफ नकार दिला. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. फोटो काढायला बापूंच्या अटी तीन. फ्लॅश वापरायचा नाही. मला उभं राहा, बस, असं सांगायचं नाही. आणि आश्रम या खर्चाला एक पैसा देणार नाही. कनू गांधींनी त्या पुढे दहा वर्षं पाळल्या. रोलायफ्लेक्स डोळ्याला लावायचा नसतो, पोटाशी धरून मान खाली घालून वरून त्यात बघायचं असतं. त्यामुळे फोटो काढणारा आपल्याकडे रोखून बघतो आहे असं समोरच्याला वाटत नाही. त्यांच्या काही फोटोंत तर बापूंची नुसती पाठ दिसते. तरी ती पाठ बापूंचीच, हे कुणाला सांगावं लागत नाही.

१९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकेतली नामवंत फोटोग्राफर गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला आली, तेव्हा तिला सांगण्यात आलं की आधी सूत कातायला शिका, मग फोटो. वर फ्लॅशचे बल्ब फक्त तीन. ती सूत कातायची अट मला फार पसंत आहे. कँडिडवाल्याला मांडवात सोडण्याआधी दोन पंगती वाढायला लावाव्यात. कोण कुणाचा कोण, कुणाला तिखट चालत नाही, कोण कुणाच्या शेजारी बसत नाही, हे त्याला बुंदीची परात फिरवता फिरवता कळेल.

सेवाग्रामची रीत लग्नात चालत नाही याचं कारण साधं आहे. तिथे ज्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं, त्यालाच 'माझ्याकडे लक्ष देऊ नका' म्हणायचं होतं. लग्नात ज्यांच्याकडे एरवी कुणाचंच लक्ष नसतं, असे पाचशे लोक नवे कपडे घालून आलेले असतात. ते आपल्या नादात असताना टिपायचे म्हटलं तर टिपले जातात ते देखणे, बोलके, नाचणारे. भिंतीच्या कडेला बसलेली विधवा चुलती, घंटाभर चपला सांभाळणारा सालदार, नवरीला लहानपणी शाळेत पोचवणारा शेजारचा काका, हे कुणाच्याच भिंगात सापडत नाहीत. त्यांना फोटोत आणायचं तर कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी लागते. ते काम जुना फोटोवाला करतो. 'काकू, तुम्ही राहिल्या ना जी. या, या. नवरीजवळ उभ्या राहा.' काकू 'माह्या कायले फोटो' म्हणत म्हणत पदर सावरून स्टेजवर चढतात.

रांगा लावण्याचं त्याचं शास्त्र तर कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही. मामाकडचे आधी की काकाकडचे, हे त्याला नवरीच्या आईच्या चेहऱ्यावरून कळतं. शेताच्या धुऱ्यावरून बोलणं बंद असलेले दोन भाऊ एकाच फोटोत हवेत, असं आजोबांनी सांगितलं की तो दोघांच्या मध्ये तीन पोरं उभी करतो. दोघांनाही वाटतं, आपण त्याच्याजवळ उभे राहिलो नाही. आजोबांना वाटतं, दोघे एकत्र आले. हल्लीच्या करिझ्मा अल्बममध्ये तर अशी सोय आहे की पोरं काढून टाकून भावांना खेटून उभं करता येतं. एका घरी तसं केलं, तर त्यातला एक भाऊ अल्बम बघून फोटोवाल्याच्या दुकानात भांडायला आला.

अँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचं १९५२ सालचं एक पुस्तक 'निर्णायक क्षण' या अर्थाच्या इंग्रजी नावाने जगभर गाजलं. तो क्षण पकडला तर पकडला, नाहीतर गेला, असा त्याचा भाव. आष्टीकडच्या मांडवात निर्णायक क्षण इतका घाईचा नसतो, तो पुन्हा पुन्हा येतो. मंगळसूत्र घालताना नवरदेवाचा कोपर आड आला, की 'अजून एकदा जी, सावकाश, इकडे पाहून.' एकदा हार घातला तर 'काढा, परत घाला'. सप्तपदीचं पाचवं पाऊल कधीकधी तीनदा पडतं, आणि भटजी मुकाट्याने थांबतात, कारण त्यांचंही तोंड त्या फोटोत असतं. धर्मशास्त्राला हे चालतं का ते विचारायला कुणाला सवड नसते. नवरदेव मंगळसूत्र दुसऱ्यांदा बांधतो तेव्हा गाठ पहिल्यापेक्षा नीट बसते, एवढं मात्र खरं.

लग्नसराई सरली की फोटोवाला दुकानात बसलेला दिसतो. शाळांचे फोटो, सातबाऱ्याच्या आणि आधारच्या झेरॉक्सा, नागपंचमीला बेचाळीसच्या लढ्यातल्या आष्टीच्या हुतात्म्यांना श्रद्धांजली असते त्या कार्यक्रमाचे फोटो. आणि वर्षभर, कधीही येणारं एक काम. कुणाच्या घरी माणूस गेलेलं असतं. मुलगा डोक्याला रुमाल बांधून, लग्नाचा जुना अल्बम काखेत मारून येतो आणि एका फोटोवर बोट ठेवतो. स्टेजवरची रांग, डावीकडून तिसरा माणूस, टोपी घातलेला, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारा. आयुष्यात त्याचा नीट काढलेला फोटो तेवढाच असतो. फोटोवाला बाकीची रांग कापतो, मागे निळा रंग भरतो, मुलाने म्हटलं तर वडिलांना कोट चढवतो. तेराव्याच्या आत फ्रेम तयार. कँडिडवाल्याने टिपलेल्या सातशे फोटोंत या कामाचा एकही निघत नाही; नाचताना, हसताना, तिरक्या मानेने जेवताना कुणाला हार घालायचा म्हणजे जरा अवघडच.

गावातल्या म्हाताऱ्यांना हे केव्हाच कळलेलं आहे. परवाच्या एका लग्नात आजीबाई कुणी बोलावायच्या आत स्वतःच स्टेजवर चढल्या, नवरा-नवरीला हाताने थोडं बाजूला सारलं, आणि मधोमध ताठ उभ्या राहून म्हणाल्या, 'हं, काढ रे बाप्पा. चांगला काढजो, पुढं कामी येते.'

'मग चष्मा काढा जी,' फोटोवाला म्हणाला, 'त्याच्यात लाइट चमकते.'

'राहू दे,' आजी म्हणाल्या. 'चष्म्याशिवाय मले वरतं कोणी ओळखणार नाही. आन् नुसता नको मारू बरं, खरा काढ.'